अटलांटिक ते उरल: युरोपातल्या रणगाड्यांच्या मोजणीचे प्रकरण

हे प्रकरण युरोपातील पारंपरिक सैन्यदलांविषयीच्या कराराचे आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो सीएफई करार म्हणून ओळखला जातो. त्याच्यावर १९९० साली सह्या झाल्या आणि २०२३ साली तो जवळपास संपला. देश, तारखा आणि आकडे सार्वजनिक नोंदीतले आहेत. तळांवर जाऊन प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे मात्र इथे घेतलेली नाहीत. माझा रोख कपातीपेक्षा मोजणीवर आहे. आपली शस्त्रे दुसऱ्याला मोजू देणे हीच या करारातली सर्वांत मोठी देवघेव होती, आणि इतिहासात तिचीच नोंद सर्वांत कमी घेतली जाते.

पार्श्वभूमी

१९८०च्या दशकात दोन जर्मनींच्या सीमेवर जगातली सर्वांत दाट फौज समोरासमोर उभी होती. पूर्वेकडे वॉर्सा करार या लष्करी गटातले देश आणि त्यांच्यामागे सोव्हिएत संघ, पश्चिमेकडे अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांची लष्करी युती नाटो. जगभर चर्चा अण्वस्त्रांची व्हायची, पण नाटोने अण्वस्त्र आधी वापरण्याचा पर्याय सोडला नव्हता तो या रणगाड्यांमुळेच. सोव्हिएत चिलखती डिव्हिजन फुल्डाच्या खिंडीतून फ्रँकफर्टच्या दिशेने सुटल्या, तर नुसत्या रणगाड्या-तोफांच्या बळावर त्या अडवता येतील याची पश्चिमेला खात्री नव्हती. त्यात भूगोल सोव्हिएतांच्या बाजूचा. त्यांची कुमक रेल्वेने येणार, अमेरिकेची अटलांटिक ओलांडून.

हा ताण कमी करण्याची बोलणी ३० ऑक्टोबर १९७३ रोजी व्हिएन्नात सुरू झाली. मध्य युरोपातल्या फौजा दोन्ही बाजूंनी कमी करायच्या, हा विषय. पंधरा वर्षे बैठका झाल्या आणि २ फेब्रुवारी १९८९ रोजी कोणताही करार न होता बोलणी गुंडाळली गेली.

अडचण

घोडे पेंड खात होते ते मोजणीपाशी. १९७६ साली पूर्वेने आपल्या सैनिकांचा आकडा टेबलावर ठेवला. नाटोच्या अंदाजापेक्षा तो सुमारे दीड लाखाने कमी होता. किती आहेत हेच ठरत नसेल तर किती कमी करायचे हे कसे ठरणार, असे पश्चिमेचे म्हणणे. आम्ही दिलेला आकडा खरा धरा, असे पूर्वेचे. आणि आत येऊन पाहू द्यायला मॉस्को तयार नव्हते.

माणसे मोजणे मुळातच अवघड असते. रजेवर गेलेला, मुदपाकखान्यातला, रेल्वे रूळ टाकणाऱ्या तुकडीतला, सीमा सुरक्षा दलातला, यांतला सैनिक कोण? शिवाय गणवेश उतरवून घरी पाठवलेला माणूस आठवड्याभरात परत बोलावता येतो.

मग शस्त्रे मोजावीत, तर तिथेही तीच गत. नोव्हेंबर १९८८ मध्ये नाटोने आपली आकडेवारी प्रसिद्ध केली: नाटोचे रणगाडे १६,४२४, वॉर्सा गटाचे ५१,५००. दोन महिन्यांनी, ३० जानेवारी १९८९ रोजी, वॉर्सा गटाने आपली दिली: नाटोचे ३०,६९०, आपले ५९,४७०. पूर्वेने स्वतःचे रणगाडे नाटोच्या अंदाजापेक्षाही जास्त सांगितले होते, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे लपवाछपवी हे सगळ्या तफावतीचे कारण नव्हते. हलका रणगाडा धरायचा का, गोदामात ठेवलेला धरायचा का, यावर दोन बाजूंच्या वह्या वेगळ्या होत्या. विमानांचे तर आणखी कठीण. शत्रूची विमाने अडवणारी विमाने बचावाची आहेत, ती मोजू नका, असा सोव्हिएत आग्रह होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जुन्याच वाटेने जाण्याचा: सैनिकांची संख्या ठरवायची. पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर त्यात कोणाला फारसा रस उरला नव्हता, तरी तो शेवटपर्यंत डोके वर काढत राहिला.

दुसरा, दोन्ही बाजूंनी सारख्या प्रमाणात कपात. ऐकायला न्याय्य वाटते. पण ज्याच्याकडे तिप्पट रणगाडे आहेत त्याच्याकडे कपातीनंतरही तिप्पटच राहतात, आणि अचानक हल्ल्याची भीती जशीच्या तशी.

तिसरा, दोघांनाही सारखीच वरची मर्यादा. यात पूर्वेने हजारोंनी शस्त्रे मोडायची आणि पश्चिमेने त्या मानाने थोडी. कोणत्याही सोव्हिएत सेनापतीला हे पटणे कठीण होते.

चौथा, एकतर्फी कपात. ७ डिसेंबर १९८८ रोजी संयुक्त राष्ट्रांत सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी तो वापरलाही: पाच लाख सैनिक कमी करणार आणि युरोपीय भागातून दहा हजार रणगाडे काढणार, असे त्यांनी जाहीर केले. धाडसी पाऊल होते. पण एकतर्फी दिलेले एकतर्फी परतही घेता येते. त्यावर दुसऱ्याला तपासणीचा हक्क मिळत नाही.

निवड झाली ती तिसऱ्याची, आणि ती शक्य झाली याचे श्रेय मी मुख्यतः गोर्बाचेव्ह यांना देतो. एप्रिल १९८६ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये त्यांनी अटलांटिकपासून उरल पर्वतापर्यंतचा सगळा युरोप चर्चेत आणला होता. त्याआधीच्या कपातीच्या बोलण्यांत सोव्हिएत भूमी नव्हतीच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्टॉकहोमच्या दस्तऐवजात प्रत्यक्ष जागेवर तपासणी मान्य झाली. ही दोन दारे उघडली नसती तर पुढचे काहीच झाले नसते.

काय ठरले

९ मार्च १९८९ रोजी व्हिएन्नात नवी बोलणी सुरू झाली आणि १९ नोव्हेंबर १९९० रोजी पॅरिसमध्ये २२ देशांनी सह्या केल्या. जुनी बोलणी पंधरा वर्षांत जिथे पोचली नाहीत तिथे ही वीस महिन्यांत पोचली. मध्यंतरी बर्लिनची भिंत पडली, पूर्व युरोपातली सरकारे बदलली, पूर्व जर्मनी नावाचा देशच उरला नाही. वाटाघाटी करणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकत होती आणि ते मसुदा लिहीत होते.

माणसांऐवजी पाच प्रकारची शस्त्रे मोजायची ठरली. प्रत्येक गटाला रणगाडे २०,०००, चिलखती लढाऊ वाहने ३०,०००, तोफा २०,०००, लढाऊ विमाने ६,८००, हल्ला करणारी हेलिकॉप्टरे २,०००. शिवाय कोणा एका देशाकडे एकूण शस्त्रांच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. रणगाड्यांत ही मर्यादा १३,३०० ची. आकड्यांपेक्षा मला व्याख्या महत्त्वाच्या वाटतात. रणगाडा म्हणजे रिकामे वजन किमान १६.५ टन, तोफेचा व्यास किमान ७५ मिलिमीटर आणि तोफ चहूबाजूंनी फिरणारी. तोफखान्यात १०० मिलिमीटर आणि त्यावरचे सगळे. हे वाचायला रुक्ष आहे, पण दोन वह्यांचा तंटा इथे मिटला: यापुढे वजनकाटा आणि मोजपट्टी घेऊन उत्तर काढता येणार होते. अडवणाऱ्या विमानांचा वादही सोव्हिएतांनी अखेर सोडला. बचावाची म्हणून बाजूला ठेवलेली ती विमानेही मोजणीत आली.

सैनिकांची मर्यादा शेवटी करारातून वगळली गेली. एकट्या जर्मनीने ३० ऑगस्ट १९९० रोजी आपले सैन्य ३,७०,००० वर आणण्याचे जाहीर केले, कारण एकत्र झालेल्या जर्मनीची धास्ती मॉस्कोइतकीच इतरांनाही होती. बाकीच्यांच्या सैनिकांसाठी १९९२ साली हेलसिंकीत वेगळा, राजकीय स्वरूपाचा करार झाला.

आणखी एक गोष्ट ठरली, जी पुढे डोईजड झाली. मध्य युरोपातून काढलेले रणगाडे उत्तरेला नॉर्वेच्या आणि दक्षिणेला तुर्कस्तानच्या दाराशी नेऊन ठेवू नयेत म्हणून त्या दोन बगलांच्या पट्ट्यासाठी वेगळी मर्यादा घातली: सक्रिय तुकड्यांत प्रत्येक गटाला ४,७०० रणगाडे. १९९० च्या नकाशावर ही तरतूद अगदी शहाणपणाची होती.

सह्यांनंतरचे सात महिने

सह्यांच्या वेळी सगळ्यांनी आपापली आकडेवारी दिली आणि पश्चिमेला धक्का बसला. सोव्हिएतांनी करार होण्याआधीच हजारो रणगाडे, तोफा आणि वाहने उरलच्या पलीकडे, म्हणजे कराराच्या हद्दीबाहेर हलवली होती. नियमाला धरूनच, पण ती शस्त्रे मोडण्यातून वाचली. त्यावर कळस म्हणजे तीन मोटर रायफल डिव्हिजन (वाहनांवरून लढणारे पायदळ) नौदलाच्या किनारा-संरक्षणाखाली दाखवल्या आणि नौदल करारात नाही म्हणून त्यांची शस्त्रे मोजणीत येत नाहीत असा दावा केला. सोव्हिएत लष्कराला हा करार कधीच मनापासून पसंत नव्हता. वाटाघाटीत गेलेले ते असे परत मिळवू पाहत होते.

निर्णयाचा खरा क्षण हा होता. पश्चिमेपुढे दोन मार्ग होते: तीन डिव्हिजनांकडे काणाडोळा करून एवढा मोठा करार वाचवायचा, किंवा संसदांची मंजुरी थांबवायची. त्यांनी मंजुरी थांबवली. मुद्दा थोड्या हजार शस्त्रांचा नव्हता. फलक बदलला की शस्त्र मोजणीतून सुटते, हे एकदा मान्य केले असते तर व्याख्यांना अर्थ उरला नसता. १४ जून १९९१ रोजी मॉस्कोने माघार घेतली. त्या डिव्हिजनांची शस्त्रे मर्यादेत धरली गेली आणि उरलपलीकडच्या साठ्यातलीही १४,५०० शस्त्रे निकामी करण्याचे लेखी आश्वासन मिळाले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला हाताळलेला पेच आहे.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत वॉर्सा करार विसर्जित झाला, आणि वर्ष संपताना सोव्हिएत संघही. सही करणारा एक पक्षच नाहीसा झाला! १५ मे १९९२ रोजी ताश्कंदमध्ये नव्या देशांनी सोव्हिएत वाटा आपापसांत वाटून घेतला: रशियाला ६,४०० रणगाडे, युक्रेनला ४,०८०, बेलारूसला १,८००, कॉकेशसमधल्या तिघांना प्रत्येकी २२०. नुकतेच जन्मलेले, एकमेकांशी हद्दींवरून भांडणारे देश हे वाटप करून मोकळे झाले, याचे मोल कमी नाही.

मोजणी आणि मोडणी

१७ जुलै १९९२ पासून करार लागू झाला. ४० महिन्यांची मुदत, म्हणजे १७ नोव्हेंबर १९९५.

निरीक्षक जास्तीत जास्त नऊ जणांच्या पथकाने यायचे. देशात पाऊल ठेवण्याच्या किमान ३६ तास आधी सूचना द्यायची, पण कोणता तळ पाहणार हे पोचल्यावर सांगायचे. हातात त्या तळाचा आराखडा आणि तिथे किती शस्त्रे आहेत याची यजमानाने दिलेली यादी. तळावरची शेड, गॅरेज, गोदाम उघडून पाहायचा हक्क होता. फक्त ज्या दाराची रुंदी दोन मीटरपेक्षा जास्त नाही तिथे नाही. माणसांच्या ये-जा करायच्या दारातून रणगाडा आत जात नाही, हा त्यामागचा सरळ हिशेब. काही ताडपत्रीखाली झाकलेले दिसले तर आत कराराखालचे शस्त्र आहे की नाही हे यजमान अधिकाऱ्याने सांगायचे आणि निरीक्षकांचे समाधान करायचे. कालपर्यंत ज्या तळाचे फक्त उपग्रहावरून काढलेले चित्र पाहिले होते, तिथे एक कप्तान वही घेऊन रणगाड्यांच्या रांगेतून चालत होता.

मोडणीचे नियमही इतकेच बारीक. रणगाड्याची नळी ब्रीचच्या (तोफेच्या गोळा भरायच्या मागच्या भागाच्या) कड्यापासून १०० मिलिमीटरच्या आत कापायची. तोफेचा आधार तोडायचा. बुरुज बसतो त्या तोंडाच्या कडेचे तुकडे आणि धडाच्या दोन्ही बाजूंचे भाग गॅसने कापून काढायचे. हेतू एवढाच की वेल्डिंग करून तो पुन्हा उभा राहू नये. काही रणगाड्यांचे बुलडोझर किंवा आग विझवणारी वाहने करायला परवानगी होती. खर्च प्रचंड होता. पूर्व जर्मन सैन्याचा सगळा वारसा मोडायचे काम जर्मनीकडे आले. नाटोत मात्र एक पळवाट वापरली गेली: अमेरिका आणि जर्मनीसारख्या देशांनी आपले जुने रणगाडे तुर्कस्तान, ग्रीस यांना दिले आणि तिथले त्याहून जुने भंगारात निघाले. गटाची बेरीज नियमात बसली, पण काही देशांची ताकद उलट वाढली.

मुदत संपली तेव्हा अटलांटिक ते उरल या पट्ट्यात ५० हजारांहून अधिक शस्त्रे मोडली किंवा बदलली गेली होती.

बगलेच्या पट्ट्याचा पेच

उत्तर कॉकेशस १९९० साली सोव्हिएत संघाच्या पोटातला, मागचा भाग होता. १९९२ पासून तो रशियाची सरहद्द झाला. तरी मर्यादा जुनीच. सप्टेंबर १९९३ मध्ये रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी पाश्चात्त्य नेत्यांना पत्र लिहून सूट मागितली. डिसेंबर १९९४ मध्ये चेचन्यात युद्ध पेटले. नोव्हेंबर १९९५ ची मुदत आली तेव्हा रशिया या पट्ट्यात मर्यादेच्या वर होता.

३१ मे १९९६ रोजी तोडगा निघाला. आकड्यांना फारसा हात न लावता नकाशाच बदलला: प्स्कोव्ह, व्होल्गोग्राड, अस्त्राखान असे प्रांत पट्ट्यातून बाहेर काढले. करार वाचला. पण ज्यांच्या शेजारी ही शस्त्रे राहणार होती, त्या जॉर्जिया-मोल्दोव्हासारख्या देशांना वाटले की मोठ्यांनी आपापसांत मिटवले. ती खंत रास्त होती आणि पुढे ती नडली.

निकाल

गटांचा करार गट संपल्यावर जुळवून घेणे भागच होते. १९ नोव्हेंबर १९९९ रोजी इस्तंबूलमध्ये ३० देशांनी सुधारित करारावर सह्या केल्या. आता मर्यादा गटाला नसून प्रत्येक देशाला आणि प्रत्येक भूभागाला. परकी फौज यजमानाच्या संमतीशिवाय नाही. कागदावर हा मूळ करारापेक्षा चांगला होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो कधीच लागू झाला नाही. त्याच परिषदेत रशियाने जॉर्जियातले तळ सोडण्याचे आणि मोल्दोव्हातून फौज काढण्याचे मान्य केले होते. नाटो देशांनी ठरवले की ही वचने पूर्ण झाल्याशिवाय सुधारित कराराला मंजुरी नाही. रशियाचे म्हणणे, हा वेगळा विषय आहे, कराराची अट नाही. मोल्दोव्हातली कराराखालची शस्त्रे रशियाने काढली, पण मोल्दोव्हातून फुटलेल्या ट्रान्सनिस्ट्रिया पट्ट्यात सैनिक आणि कोबास्नाचा दारूगोळ्याचा डेपो राहिलाच. जॉर्जियातला गुदाउताचा तळ बंद केल्याचे सांगितले, पण जॉर्जियाला तो तपासू दिला नाही. इकडे २००४ साली बाल्टिक देश नाटोत आले. ते करारात नव्हते आणि सुधारित करार लागू झाल्याशिवाय येऊही शकत नव्हते. रशियाच्या सरहद्दीवर नाटोची अशी भूमी तयार झाली जिथे कोणतीच मर्यादा नाही. रशियाने २००४ मध्ये मंजुरी दिली, नाटोने नाही, आणि भिजत घोंगडे तसेच राहिले.

बाटुमीचा तळ रशियाने नोव्हेंबर २००७ मध्ये जॉर्जियाच्या हवाली केला. पुढच्याच महिन्यात, १२ डिसेंबर २००७ रोजी, त्याने कराराचे पालन थांबवले. आकडेवारी बंद, निरीक्षक बंद. मूळ करारात असे थांबवण्याची तरतूदच नव्हती. बाहेर पडता येत होते, अर्धवट थांबता येत नव्हते. २०११ मध्ये नाटो देशांनीही रशियाला माहिती देणे थांबवले. मार्च २०१५ मध्ये रशियाने कराराच्या सल्लागार गटाच्या बैठका सोडल्या, ७ नोव्हेंबर २०२३ रोजी तो करारातून बाहेर पडला आणि नाटो देशांनी त्याच दिवशी स्थगिती जाहीर केली. तोवर युक्रेनमध्ये सर्वंकष आक्रमणाला दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. आक्रमणाची जबाबदारी आक्रमकाची, करार मोडल्याची नव्हे. पण कराराखालच्या तपासण्या सुरू असत्या तर सीमेवर जमणाऱ्या फौजेबद्दल प्रत्येक देशाला उत्तर मागण्याचा आणखी एक लेखी हक्क उरला असता.

याच साच्यातला एक धाकटा करार मात्र टिकला. बोस्नियातले युद्ध थांबवणाऱ्या डेटन शांतता करारानुसार जून १९९६ मध्ये फ्लोरेन्समध्ये बोस्निया, क्रोएशिया आणि तेव्हाचे युगोस्लाव्हिया यांनी पाच प्रकारच्या शस्त्रांवर मर्यादा घेतल्या, वर्षा-दीड वर्षात सुमारे ६,६०० शस्त्रे मोडली आणि २०१५ पासून हे काम बाहेरच्या देखरेखीशिवाय स्वतःच चालवले.

वेगळे काय करता आले असते

सुधारित करार आणि इस्तंबूलची वचने यांची गाठ बांधणे तत्त्वाला धरून होते. लहान देशाच्या भूमीवर नको असलेली फौज राहू नये, हे कोणीही मान्य करील. तरीही ती गाठ सैल ठेवायला हवी होती. रशियाने जेवढे तळ सोडले तेवढ्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने मंजुरी देता आली असती. अमेरिकेने असा समांतर पावलांचा आराखडा पुढे केला तो रशियाने पालन थांबवण्याचे जाहीर केल्यावर, आणि ऑगस्ट २००८ च्या जॉर्जिया युद्धाने त्याची वाट बंद केली. २००२ च्या सुमारास तो आला असता तर रशियाला निमित्त मिळाले नसते आणि बाल्टिक देशांनाही करारात घेता आले असते. रशियाच्या बाजूने पाहिले तर गुदाउता तपासू देणे ही अगदी छोटी गोष्ट होती. इतरांचे तळ उघडून पाहणाऱ्याने ते एक दार बंद ठेवायला नको होते.

दुसरे, नकाशाची फेरतपासणी करारातच हवी होती. देश फुटतात, सरहद्दी सरकतात. बगलेच्या पट्ट्यासाठी संकट येईपर्यंत थांबावे लागले, म्हणून सूट मागणाऱ्याचे पारडे जड झाले.

तिसरा मुद्दा आपल्या जवळचा आहे. २९ नोव्हेंबर १९९६ रोजी भारत आणि चीन यांनी दिल्लीत प्रत्यक्ष नियंत्रण रेषेबाबत करार केला. त्याच्या तिसऱ्या कलमात रणगाडे, पायदळाची लढाऊ वाहने, ७५ मिलिमीटर आणि त्यावरच्या तोफा, १२० मिलिमीटर आणि त्यावरच्या उखळी तोफा यांवर मर्यादा आणण्याची आणि आकडेवारी देण्याघेण्याची तरतूद आहे. रचना युरोपातल्या कराराशी मिळतीजुळती आहे. पण मर्यादेचे आकडे पुढे ठरवू म्हणून सोडले गेले, आणि रेषा कुठून जाते यावर एकमत नसल्याने ते ठरलेच नाहीत. २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये दोन्हीकडचे रणगाडे समोरासमोर आले तेव्हा विचारायला कोणती यादी नव्हती. मध्य क्षेत्राचे, म्हणजे हिमाचल आणि उत्तराखंडच्या बाजूचे, नकाशे दोन्ही देशांनी २००० साली एकमेकांना दिलेले आहेत. तिथे वादही तुलनेने कमी आहे. कपातीचा विषय न काढता नुसती मोजणी तिथून सुरू करता येईल.